उंबऱ्याच्या आतलं झाड

आमच्या गावात घरात झाड लावायची रीत नव्हती. झाड वावरात, झाड बांधावर, झाड घरामागच्या सांदवाडीत, आणि सगळ्यात जास्त जंगलात. जंगल इतकं जवळ होतं की मोहाच्या दिवसांत पहाटे अंथरुणातच फुलं पडल्याचा आवाज यायचा आणि माय अंधारात टोपली चाचपत उठायची. अशा गावात झाड उचलून घरात कोण आणेल. घरात झाड दिसायचं ते एकाच ठिकाणी, ज्या घरची माणसं मरून गेली किंवा गाव सोडून गेली तिथं. छपराचे कवेलू खाली येतात, भिंत ओल धरते आणि चुलीच्या जागेवर पिंपळाचं नाहीतर रुईचं रोप उभं राहतं. म्हणून मी कुंडी घेऊन उंबऱ्याच्या आत पाय टाकला तेव्हा माय हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "शिवराम, घर पडीक करतं का रे?"

कुंडी म्हणजे काय, तर काठ फुटलेला जुना माठ. त्यात एक जाड हिरवं खोड आणि त्याला दोन पानं. पानं सुपाएवढी, आणि त्यांना भोकं. काठाकडून आतपर्यंत फाटलेली, मधे लांबट खिडक्यांसारखी भोकं. आता त्या झाडाला शहरातले लोक मॉन्स्टेरा म्हणतात, माझी नात तर त्याचं चित्र असलेला सदरा घालते. आम्ही भोकाच्या पानाचं झाड म्हणायचो, कारण दुसरं काय म्हणणार. शेजारचा लक्ष्मण ते पाहायला आला, पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "शिवराम, अळीनं खाल्लं बे तुझं झाड. पावडर मार." मी म्हटलं, ते तसंच असते. तो म्हणाला, "असं तं मंग माझं बनियानबी नवंच आहे." गावभर हसले. मी हसलो नाही. मला त्या वयात हसू कमी यायचं.

झाड मला दसरूभाऊंनी दिलं होतं. गावापासून कोसभरावर जंगलखात्याचा डाकबंगला होता, तिथले ते माळी. गोंड माणूस, उंच, मान जराशी वाकलेली, कोणाशी फार बोलत नसत. बंगल्याच्या मोठ्या खोलीत आणि व्हरांड्यात त्यांनी शोभेची झाडं ठेवली होती, रंगीत पानांची, नेच्याची, आणि कोपऱ्यात हे भोकाच्या पानाचं, छतापर्यंत गेलेलं. मी चौथीत शाळा सोडली, त्यानंतर बाच्या मागं धानाच्या बांधीत आणि मायच्या मागं जंगलात, एवढंच माझं जग होतं. त्या खोलीत पहिल्यांदा गेलो तो लाकडाची मोळी टाकायला. बाहेर ऊन भट्टीसारखं, आणि आत तो कोपरा हिरवागार, गप्प. तिथून निघावंसंच वाटेना. मग मी मोळ्या टाकायला जरा जास्तच जायला लागलो. दसरूभाऊ ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायचे, लेकराचं तोंड पुसावं तसं, खाली एक हात देऊन. मीही पुसायला लागलो. बांबूच्या बेटाखाली कुजलेला पाला असतो, काळा, हातात घेतला तर चुरा होणारा, तो कसा गोळा करायचा, त्यात नदीची रेती आणि चुलीतला कोळसा किती मिसळायचा, हे त्यांनी मला सांगितलं नाही, माझ्यासमोर केलं. एकदाच बोलले. "याच्या मुळाले येर नाई, वारा पायजे." येर म्हणजे त्यांच्या गोंडीत पाणी.

दसरूभाऊंची नजर मंद झाली होती. ते काम सोडणार, आणि त्यांच्या जागी माणूस नागपूरहून आणणार असं रेंजर साहेबांच्या तोंडून मी ऐकलं. तिथंच उभा राहून मी म्हटलं, "साहेब, मी करतो." साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वाईट माणूस नव्हता तो, पण थट्टेखोर होता. म्हणाला, "व्हरांड्यातली अर्धी झाडं दरसाल मे महिन्यात मरतात, दसरू असताना. तू काय करशीन?" मी म्हटलं, जगवीन. तो म्हणाला, "बरं. एक झाड घरी ने. या डाकबंगल्यात जाड भिंती आहेत, तुझ्या घरात उन्हाळा काढून दाखव. तेंदूची फळी उठेल त्या दिवशी मी तुमच्या गावात येईन. हिरवं पान दाखव, तुझं नाव धाडतो." फळी म्हणजे तेंदूपत्ता मोजून घ्यायची जागा. ती उठली की आमचा उन्हाळा संपला असं समजायचं. दसरूभाऊंनी त्याच दुपारी शेंड्याकडचा दोन पानांचा तुकडा कापून दिला, खोडाला लोंबतं मूळ होतं तेवढं धरून.

आता बाचं सांगतो. बानं मामाला शब्द दिला होता. मामाची नागभीडला धानाची गिरणी होती, त्याला घरचा, भरवशाचा पोट्टा पाहिजे होता, आणि मोठा भाऊ शेती पाहत असल्यानं तो पोट्टा म्हणजे मी. गिरणी मी पाहिलेली होती. दिवसभर पट्ट्याचा धडधडाट, कोंड्याची धूळ डोळ्यांत, नाकात, भातात. मी एकदाच सांगितलं की मला जायचं नाही. बा म्हणाला, "तं काय करतं? पानं पुसतं?" त्याचंही खरं होतं. धान पिकवणारा माणूस तो, झाडाला दाणा पाहिजे, नाहीतर फळ, नाहीतर निदान बैल बांधण्यापुरती सावली. "बिनदाण्याचं, बिनफळाचं झाड, अन् त्याले उन्हात ठेवाचं नाई. घरात ठेवून पाहुण्यासारखं पोसाचं. कोण्या कामाचं?" शेवटी माय मधे पडली तेव्हा असं ठरलं की फळी उठेपर्यंत मामाला थांबायला सांगायचं. पान दाखवलं तर डाकबंगला, नाही दाखवलं तर गिरणी. बानं कबूल केलं, पण झाडाकडं पाहून नाही, बैलांकडं पाहून.

मायनं स्वतःची अट घातली. झाड घरात राहील, पण मूळ जमिनीत जाता कामा नये, गेलं की घर त्याचं झालं. म्हणून मी माठ कवेलूच्या तुकड्यांवर ठेवला, बुडाचं भोक मोकळं राहील असा, आणि ती दररोज सारवण झाल्यावर एका हातानं माठ तिरपा करून खाली पाहायची. जागा मी विचार करून निवडली होती. आमच्या घरात मधल्या खोलीत धानाचा ढोला होता, बांबूचा विणलेला, शेणानं लिंपलेला, आणि त्याच्या बाजूला पाण्याचे रांजण. ढोल्यामुळं तिथं ऊन पोचत नसे आणि रांजणांमुळं हवा ओली राहायची. उत्तरेच्या झरोक्यातून तेवढा उजेड यायचा. उन्हाची झळ सुरू झाली की मी त्या झरोक्यावर ओलं गोणपाट टांगायचो. दुपारी सगळं घर आडवं व्हायचं, वर कवेलू तापून कडकड वाजायचे, ढोल्यात उंदीर खुडखुड करायचा, आणि मी फडकं पिळून पान पुसत बसायचो. चुलीचा धूर तिकडं वळला की मायशी भांडायचो. ती म्हणायची, "आता चूल सांदवाडीत नेऊ का तुझ्या पाहुण्यासाठी?" आणि आंबिलीचा वाडगा माझ्यापुढं आदळायची. पण दोन दिवसांनी पाहिलं तर चुलीमागं तिनं बांबूचा तट्टा लावला होता. वैशाखात झाडानं नवं पान काढलं. आधी गुंडाळलेलं, पुंगीसारखं, मग एका सकाळी उघडलं, इतकं कोवळं की त्यातून बोटं दिसायची. त्याला भोकं कमी होती. लक्ष्मण म्हणाला, "बरं झालं, अळी मेली वाटते."

मग तेंदूचे दिवस आले. त्या दिवसांत आमच्याकडं घरी कोणी बसत नाही. त्या साली चामोर्शीकडं मावशीच्या गावच्या जंगलात पत्ता चांगला फुटला होता, म्हणून माय, भाऊ, वयनी आणि मी तिकडं मुक्कामाला गेलो. पहाटे पत्ता तोडायचा, दुपारी सावलीत बसून पुडे बांधायचे, भुकेला भाकर, जवसाची चटणी आणि तेंदूची पिकलेली टेंभरं. बाचा गुडघा सुजला होता, तो बैलांपाशी घरी राहिला. निघताना मी झाडाला पुरेल एवढं पाणी दिलं, माठाभोवती ओला पाला लावला, गोणपाट भिजवलं. बा ओसरीत बसून दोर वळत होता. त्याच्याशी मी झाडाविषयी बोललो नाही आणि त्यानंही विचारलं नाही. त्या घरात आम्ही दोघंच असे होतो की ज्याला गरज आहे त्यानं आधी बोलावं, असं दोघांनाही वाटायचं.

आठ-दहा दिवसांनी परत आलो ते संध्याकाळच्या आधी. उंबऱ्यातच वास आला, तुंबलेल्या डबक्याचा. माठ काठापर्यंत पाण्यानं भरलेला होता. पानं तिन्ही पिवळी, नवं पान तर चिखलावर आडवं पडलेलं. मी खोड धरलं तर बोटं आत गेली. माठ तिरपा करून खाली हात घातला. मी पाडलेलं भोक तिथं नव्हतं. तिथं चिकट कणसाळ माती होती, धानाचं तणस मिसळून मळलेली, आतून बाहेरून थापलेली आणि अंगठ्यानं दाबून गुळगुळीत केलेली. तो अंगठा मी ओळखत होतो. बांधीचा बांध फुटला की बा असाच बुजवायचा, गावात त्याच्या हातचा बुजवलेला बांध दुसऱ्यांदा फुटत नसे.

"बा, भोक कोनं बुजवलं?"

"मी. फुटली होती कुंडी तुझी. वरून ओतलं की खालून जाऊन राह्यलं होतं पाणी."

"फुटली नव्हती. भोक मी पाडलं होतं."

"कायले?"

"पाणी बाहेर जाले."

बानं मायकडं पाहिलं, पोट्ट्याला ऊन लागलं की काय अशा नजरेनं. "पाणी जाले कोणी भोक पाडते? अख्खी जिंदगी गेली भोकं बुजवता बुजवता."

मी म्हटलं, "तुले मले गिरणीत धाडाचं होतं. म्हणून मारलं तू." मायनं माझा दंड धरला. बा उठला, बैलांकडं गेला. रात्री लाखोरीची डाळ होती, भात होता, आम्ही दोघं पाठीला पाठ करून जेवलो आणि वयनीनं मीठ कोणाला पाहिजे हेही हातानंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी माय विहिरीवरून आली. हंडा उतरवून माझ्याजवळ बसली. विहीर आटली होती, बायांना वाट्यानं पाणी मिळत होतं, हे तिला तिथं कळलं. आणि लक्ष्मणच्या बायकोनं सांगितलं की बा दररोज सकाळी कावड घेऊन बोडीवर, गावाबाहेरच्या तळ्यावर, जात होता, सुजल्या गुडघ्यानं. "ती म्हणे, एवढं पाणी कायले लागते एकट्या माणसाले? तं म्हणे तुझा बा, घरात लेकराचं झाड आहे, पान खाली पडून राह्यलं त्याचं." माय एवढं सांगून उठली. लोकांना वाटेल की मी तेव्हा जाऊन बाच्या पाया पडलो. नाही पडलो. माझा राग चुकीचा होता असं मी आजही म्हणत नाही, झाड तर मेलंच होतं. पण त्यानंतर तो राग बावरून उतरला आणि त्याला बसायला दुसरी जागा सापडेना.

आता चंद्रपूरच्या कॉलनीतल्या बाया मला फोनवर फोटो धाडतात, काका, पानं पिवळी पडली. मी पहिलं विचारतो, खालचं भोक मोकळं आहे का. त्या म्हणतात, कुंडी चिनी मातीची आहे, महागाची आहे, तिला भोकच नाही. मी रागावत नाही. पाणी निघून जावं असं कोणालाच वाटत नाही, जीव लावणाऱ्याला तर नाहीच.

त्या दिवशी मी हसिया, म्हणजे विळा, चुलीत लाल केला, गार होऊ दिला आणि खोड खालून कापायला लागलो. कापलं की काळं. अजून वर, अजून काळं. वर वर जाता वितीएवढा तुकडा उरला तेव्हा आतला गर पांढरा, कडक निघाला. त्याला पान नव्हतं. एक गाठ होती आणि गाठीला सुकत आलेलं लोंबतं मूळ. मी जंगलात जाऊन बांबूचा पाला आणला, फुटक्या गाडग्यात भरला, हातानं पाणी शिंपडलं, तेवढंच, आणि तुकडा त्यावर आडवा ठेवला. वरून दुसरं गाडगं पालथं घातलं, त्याच्या फुटक्या काठातून वारा जाईल असं. दररोज उघडून पाहायचो. तुकडा तसाच, मेलेल्या बोटासारखा. भाऊ म्हणाला, "सोड आता, गिरणीत पंखा तरी आहे." मी सोडलं नाही. मला तेव्हा त्या झाडाबद्दल एवढंच माहीत होतं की ते अजून सडलं नाही, आणि जे सडलं नाही ते मेलं असं कोणी मला सांगू शकत नव्हतं. बा येता जाता त्या कोपऱ्याकडं पाहायचा, जवळ यायचा नाही. एकदा मी सांदवाडीतून आलो तर तो वाकून उभा होता, हात पाठीमागं बांधलेले, देवळात चप्पल घालून शिरलेल्या माणसासारखा.

फळी उठायच्या दोन-चार दिवस आधी गाठीपाशी साल तडकली आणि धानाच्या दाण्याएवढा हिरवा कोंब दिसला.

रेंजर साहेब ठरल्याप्रमाणे आले. मैदानात पत्त्याची पोती भरणं चालू होतं, गावातले गंज लोक जमले होते. मी गाडगं दोन्ही हातांत धरून गेलो. मागं पाहिलं तर बा येत होता, काठी टेकत. मी त्याला बोलावलं नव्हतं.

साहेब गाडग्यात वाकून पाहत म्हणाले, "झाड कुठी आहे?"

मी कोंबावर बोट ठेवलं.

"हा तं कोंब आहे. मी पान म्हटलं होतं."

"पान येते."

"कवा येते?"

"त्याले यायचं तवा."

फळीवरचा मुन्शी हसला. साहेब म्हणाले, "पोट्टा भांडखोर आहे, माळी कसा होईन?" तेवढ्यात बा पुढं झाला. त्यानं डोक्याचा शेला काढून हातात घेतला होता. साहेबासमोर बाला बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, सारा भरतानाही तो नुसता उभा राहायचा. तो म्हणाला, "साहेब, झाड यानं जगवलं होतं. तीन पानं होती. कुंडीचं भोक मी बुजवलं, मले समजलं नाई. मेलं ते माझ्या हातानं. हे जे आहे ते यानं मेल्यावर उठवलं."

साहेबांनी दोघांकडं पाहिलं. "बुवा, तुम्ही मारलं, यानं उठवलं. मी नाव कोणाचं लिहू?"

लोक हसले. बा हसला नाही. "त्याचं," म्हणाला.

साहेबांनी कोंबाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "बोललो तेच. पान आलं की घेऊन ये. आज नाई." पोळ्याच्या सुमारास पान आलं, मी घेऊन गेलो आणि त्यांनी मला रोजीवर ठेवलं, शब्दाचा पक्का माणूस. पण ते पुढं. त्या दिवशी आम्ही दोघं गाडगं घेऊन मैदानातून परत निघालो तेव्हा माझ्या हातात दाखवायला काही नव्हतं आणि ठरल्याप्रमाणे मी हरलो होतो. मी मनात एवढंच ठरवलं होतं की गिरणीत जाईन तर गाडगं घेऊन जाईन.

मामा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. जेवले, पान लावलं आणि मला म्हणाले, "चाल शिवराम, पिशवी भर. पाचची गाडी आहे." मी उठलो. मायनं माझं धोतर आधीच घडी करून ठेवलेलं होतं.

बा म्हणाला, "तो येत नाई."

मामांना वाटलं थट्टा आहे. "भाऊजी, तुम्ही शब्द देला होता."

"देला होता. वापस घेऊन राह्यलो."

"कायच्यासाठी? गाडग्यातल्या त्या कोंबासाठी?"

"हो."

"अख्ख्या जिंदगीत तुम्ही शब्द फिरवला नाई, भाऊजी."

"म्हणून एक फिरवाचा राह्यला होता," बा म्हणाला आणि सुपारी कातरायला लागला. मामा बराच वेळ बोलले. मायला बोलले, भावाला बोलले, माझ्या अडाणीपणावर बोलले, ते बरोबरच होतं. मग पाचची गाडी चुकेल म्हणून तणतणत निघून गेले. त्यानंतर किती तरी दिवस ते आमच्याकडं आले नाहीत, आणि राखीला माय एकटीच नागभीडला जाऊन आली.

त्या संध्याकाळी मी मधल्या खोलीत गोणपाट भिजवत होतो. बा आत आला, रांजणातून लोटा भरला आणि गाडग्यापाशी येऊन थांबला. उजेड कमी होता, त्यानं वाकून कोंब शोधला, सापडला तसा सरळ झाला. लोटा हातातच होता.

"शिवराम," तो म्हणाला, "याले आज पाणी लागते का?"

मी पाल्यात बोट घालून पाहिलं. ओल होती.

"नाई," मी म्हटलं.

"बरं," बा म्हणाला, आणि तिथंच उभ्यानं ते पाणी पिऊन टाकलं.